नोराचें दार आणि लक्ष्मीबाईंची चूल

मोडत्या संसाराची कथा सांगणाऱ्या लेखकाला एक सोय नेहमींच उपलब्ध असते. नवराबायकोंपैकीं एकानें उंबरठा ओलांडला व मागें दार लागलें, कीं कथा संपविण्याचा अधिकार त्याला पोंचतो. त्यापुढें त्या घरांत काय झालें, चूल कोणीं पेटविली, मुलें दुसऱ्या दिवशीं कोणाच्या हांकेनें उठलीं, हें वाचकानें विचारूं नये असा एक अलिखित संकेत आहे. हेन्रिक इब्सेनचें ‘बाहुलीचें घर’ हें नाटक या संकेताचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. १८७९ सालीं, ऐन नाताळाच्या तोंडावर, तें छापून बाहेर पडलें आणि नोरानें लावलेल्या त्या दाराचा आवाज युरोपभर ऐकूं गेला. तो अजून विरलेला नाहीं.

हें नाटक नाताळांत घडतें ही गोष्ट टीकाकार बहुधा नेपथ्याच्या सदरांत टाकून मोकळे होतात. आमच्या मतें ती नाटकाच्या गाभ्यांतली आहे. पहिल्या अंकांत नोरा बाजारांतून येते ती झाड आणि मुलांसाठीं भेटी घेऊन : ईव्हारला कपडे व तलवार, बॉबला घोडा व पिपाणी, एमीला बाहुली आणि बाहुलीचा पलंग. दुसऱ्या अंकाचा पडदा वर जातो तेव्हां तेंच झाड कोपऱ्यांत उभें असतें. त्याची सजावट ओरबाडली गेलेली, मेणबत्त्या बुडापर्यंत जळलेल्या. तिसऱ्या अंकाच्या शेवटीं, सण पुरता ओसरण्यापूर्वींच, आई घर सोडते. मुलें त्या वेळीं आंत झोंपलेलीं आहेत. तीं आपल्यापेक्षां चांगल्या हातांत आहेत असें म्हणून ती त्यांचें तोंड पाहण्याचें टाळते.

या शेवटाची पुढें जी हकीकत झाली तीहि लक्षांत घेण्यासारखी आहे. जर्मनींतील एक नामांकित नटी, मुलांना टाकून जाणारी आई आपण रंगविणार नाहीं, म्हणून अडून बसली. तेव्हां परक्यानें आपल्या नाटकाची चिरफाड करण्यापेक्षां ती आपणच केलेली बरी, अशा हिशेबानें इब्सेननें १८८० सालीं निराळा शेवट लिहून दिला. त्यांत हेल्मर तिला मुलांच्या खोलीच्या दारापाशीं नेतो आणि ती तेथेंच गळून खालीं बसते. या शेवटाला इब्सेन स्वतः नाटकावरील रानटी अत्याचार समजत असे, व तें योग्यच होतें. परंतु दोन्ही शेवट शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे एक चमत्कारिक साम्य दृष्टीस पडतें. दोहोंतहि मुलें झोंपलेलींच आहेत. एकांत आई त्यांना न पाहतां जाते, दुसऱ्यांत पाहून राहते. तीं स्वतः जागीं होतील, बाहेर येतील व कांहीं विचारतील, ही शक्यता कोठेंच धरलेली नाहीं. एवढा निर्भय नाटककार, पण त्यालाहि तीं मुलें झोंपेंतच बरीं वाटलीं!

मराठी रंगभूमीवर नोरा पोंचली ती १९४० नंतर. अनंत काणेकरांचें ‘घरकुल’ १९४१ चें, मो. ग. रांगणेकरांचें ‘कुलवधू’ १९४२ चें. या नाटकांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे व त्यांत स्त्रीच्या स्वत्वाचा प्रश्न सहजच पुढें आला. तो महत्त्वाचा नाहीं असें कोण म्हणेल? पण दार लागल्यानंतरच्या सकाळचें काय, हा आमचा प्रश्न आहे. आणि तो आम्हांस सुचला याचें श्रेय आमच्या विद्वत्तेला नसून आमच्या वर्गांतील मुलांना आहे.

आमचा अध्यापनाचा व्यवसाय डहाणूच्या बाजूला चालतो. समोर बसणाऱ्यांत वारली असतात, कोंकणा असतात, किनाऱ्यावरचे मांगेले असतात. तलासरीकडून येणाऱ्यांत कांहीं ख्रिस्ती घरांतील मुलेंहि असतात. तलासरीला येशूसंघाच्या मिशनचें केंद्र आहे, डहाणूस ब्रेथ्रेन मिशननें रुग्णालय चालविलें. त्यामुळें ज्यांच्या घरीं तो सण होत नाहीं त्यांनाहि नाताळ ओळखीचा आहे. (डहाणूचा किल्ला मराठ्यांनीं १७३९ सालीं पोर्तुगीजांकडून घेतला खरा, पण ‘नाताळ’ हा त्यांचा शब्द मराठीनें परत केला नाहीं.) मात्र या मुलांच्या मनांतील डिसेंबर महिना इब्सेनच्या डिसेंबराहून वेगळा आहे. भात झोडून झालेला असतो, वाल-तुरीचीं शेतें राखावयाचीं असतात, आणि पाड्यावरचीं निम्मीं घरें रिकामीं असतात. दिवाळी झाली कीं नवराबायको वीटभट्टीवर जातात तीं पावसाच्या तोंडाशीं परततात. कोणाचा बाप ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातो. अशांपैकीं कित्येकांना पाकिस्तानी गस्तीच्या नौकांनीं धरून नेलें व वर्षानुवर्षें कराचीच्या तुरुंगांत ठेवलें, हें वर्तमानपत्रें वाचणाऱ्या सर्वांस ठाऊक आहे. मुलें आजीजवळ राहतात, नाहींतर आश्रमशाळेंत. आईबाप दोन दिशांना आणि मूल तिसऱ्याच ठिकाणीं, हा अनुभव त्यांना पुस्तकांतून मिळवावा लागत नाहीं.

अशा वर्गांत ‘बाहुलीचें घर’ वाचलें तेव्हां नोरा घर सोडते याचें कोणालाच फारसें नवल वाटलें नाहीं. त्यांनीं विचारलें तें दाईबद्दल. वाचकांस स्मरत असेल कीं, हेल्मरच्या घरीं अ‍ॅन-मारी नांवाची एक वृद्ध दाई आहे. नोराला तिनेंच लहानाची मोठी केली. त्यासाठीं तिनें स्वतःची मुलगी परक्यांच्या स्वाधीन केली होती. पुढें त्या मुलीचीं दोन पत्रें आलीं, एक दीक्षेच्या वेळीं आणि एक लग्नाच्या. दुसऱ्या अंकांत नोरा तिला हें सर्व विचारते, आणि तें विचारतांना तिच्या मनांत स्वतःच्या जाण्याची जुळवाजुळव चालली आहे हें आपल्याला कळतें. टीकाकार येथवरच येतात. आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न असा होता कीं, नोराचीं मुलें ज्या चांगल्या हातांत राहिलीं ते हात जर दाईचे, तर दाईची मुलगी कोणाच्या हातांत राहिली? डहाणूच्या वाड्यांतून चिकू तोडणाऱ्या आणि बंगल्यांतून मुलें सांभाळणाऱ्या बायकांच्या लेकीला हा प्रश्न पडावा यांत आश्चर्य नाहीं. आश्चर्य असेल तर तें हें कीं, तो आम्हांला इतकीं वर्षें पडला नाहीं व आम्हीं वाचलेल्या ग्रंथकारांनाहि पडला नाहीं.

नोराच्या जाण्याचें नवल न वाटण्याला येथल्या समाजरचनेंतच कारण आहे. का. ज. सावे यांनीं १९४५ सालीं वारल्यांवर जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत या समाजाच्या विवाहसंस्थेचें चित्र आहे. तेथें लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे स्त्री. वधूसाठीं देज द्यावें लागतें तें वरपक्षाला. आणि नांदणें जमलें नाहीं तर पंच बसतात, देण्याघेण्याचा हिशेब होतो व बाईला दुसरें घर करतां येतें. खर्चाच्या अभावीं लग्नाचा विधि लांबणीवर टाकून वर्षानुवर्षें एकत्र नांदणारीं जोडपींहि या भागांत पुष्कळ. हें सर्व सोन्यासारखें आहे असा कोणीं गैरसमज करून घेऊं नये. लग्नाच्या कर्जापायीं नवराबायको दोघेंहि जमीनदाराच्या दावणीला बांधलीं जात त्या ‘लग्नगडी’ पद्धतीची हकीकत गोदावरी परुळेकरांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या ग्रंथांत सांगितली आहे. ती वाचल्यावर अरण्यांतील मोकळ्या जीवनाच्या गोड गोष्टी सांगण्याची इच्छा उरत नाहीं. पण तुटणें आणि पुन्हां जुळणें ही तेथें दोन माणसांची व चार पंचांची गोष्ट आहे. धर्मांतून, जातींतून आणि स्वर्गांतून उठण्याची नाहीं.

म्हणूनच, त्याच वर्गांत कै. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ वाचावयास घेतलीं तेव्हां पुढचा प्रश्न आला : ही बाई इतकीं वर्षें थांबली कशासाठीं? तो प्रश्न नवखा वाटला तरी बावळट नव्हे. या ग्रंथावर आजवर जें लिहिलें गेलें त्यांतील फार थोडें या प्रश्नाच्या जवळपास जातें.

हकीकत सर्वांस परिचित आहे, तरी वर्षें ध्यानांत राहावींत म्हणून सांगतों. नारायण वामन टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचें वय तेव्हां सव्वीस. मुलगा दत्तू, म्हणजे पुढले देवदत्त नारायण टिळक, १८९१ चा, तो चौथ्या वर्षांत. लक्ष्मीबाई आपल्या माणसांत, बहीण भिकूताई व मेव्हणे पेंडसे यांच्या आधारानें राहिल्या. नंतर त्या नगरला टिळकांकडे गेल्या, पण चूल वेगळी ठेवून. आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. दत्तू तेव्हां नऊ वर्षांचा होत होता. म्हणजे मुंजीचें वय येऊन ठेपलेल्या ब्राह्मणाच्या मुलाला बाप एका धर्मांत व आई दुसऱ्या धर्मांत, अशा स्थितींत बालपणाचीं कळतीं वर्षें काढावीं लागलीं. एका घराची दिवाळी व दुसऱ्या घराचा नाताळ यांमध्यें त्याचें वर्ष विभागलें गेलें. त्या सणांचीं वर्णनें शोधण्यासाठीं आम्हीं हा ग्रंथ उघडलेला नाहीं. सणाच्या दिवशीं मूल कोणाच्या पंगतीला बसतें हा प्रश्न ज्या घराला रोजच्या जेवणाला पडत होता, त्या घराची ही कथा आहे, एवढें पुरे.

पंगत आणि पाणी हाच या वियोगाचा खरा विषय, हें ग्रंथकर्त्रीनें किती आधीं जाणलें होतें तें तिच्या पहिल्याच प्रकरणावरून कळतें. तेथें तिच्या वडिलांच्या सोंवळ्याचें वर्णन आहे. त्र्यंबकेश्वराच्या परिसरांत १८५७ च्या उठावाच्या संबंधानें लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फांशीं दिलें गेलें. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या डोक्यांत सोंवळ्याचें खूळ शिरलें, आणि घरांत येणारी प्रत्येक वस्तु धुण्याचा, नाहण्याचा, पुन्हां धुण्याचा सपाटा सुरू झाला. वाचक हंसतो, त्यानें हंसावें अशीच बाईंची योजना आहे. पण सव्वीसाव्या वर्षीं ज्या मुलीचा नवरा सोंवळ्याच्या पलीकडे निघून जाणार आहे ती ज्या घरांत वाढली त्या घराचें हें चित्र आहे, हें ध्यानांत ठेवून तें प्रकरण पुन्हां वाचावें. मग त्या हंसण्याची चव पालटते. भीतीनें सोंवळें आलें, सोंवळ्यानें माणसें दूर झालीं. आजोबांच्या मरणापासून नातवाच्या ताटापर्यंत हा एकच धागा आहे. ज्यांना ‘स्मृतिचित्रें’ म्हणजे आठवणींचा विस्कळित पण गोड ढीग वाटतो त्यांनीं हा धागा पाहिलेला नाहीं असें आम्हांस म्हणावें लागतें.

आतां विद्यार्थ्यांच्या प्रश्नाकडे वळूं. लक्ष्मीबाई कां थांबल्या? पहिलें उत्तर असें कीं, त्यांना दुसरी वाटच नव्हती. ब्राह्मण घरांतील बाईचा नवरा धर्म सोडून गेला म्हणजे तो जातीच्या हिशेबीं मेला, पण तिचें सौभाग्य जिवंत राहिलें. ती ना धड सधवा ना धड विधवा. वारली बाईच्या पंचांनीं दोन दिवसांत निकालांत काढलें असतें असें प्रकरण तेथें जन्माचें होऊन बसतें. जिला आपण मागासलेली म्हणतों ती रूढि या एका बाबतींत शास्त्रीपंडितांच्या रूढीहून अधिक माणुसकीची होती, हें सांगावयास एका विद्यार्थ्याचा साधा प्रश्न लागावा, ही आमच्या शिक्षणाची तऱ्हा!

मात्र टिळकांना वाट होती, आणि या गोष्टीकडे ग्रंथाच्या चाहत्यांनीं अधिक लक्ष द्यावयास हवें होतें. १८६६ सालच्या कायद्यानें ख्रिस्ती झालेल्या माणसाला अशी मुभा दिली होती कीं, धर्मांतराच्या कारणानें जोडीदार सहा महिने नांदावयास आला नाहीं तर त्यानें न्यायालयांत जावें, आणि न्यायालयानें दिलेल्या मुदतीनंतरहि तो येण्यास तयार नसेल तर विवाह मोडून घ्यावा. मुलाच्या बाबतींतहि कायदा बापाच्याच बाजूला होता. १८५० च्या कायद्यानें धर्म सोडणाऱ्याचे हक्क राखले होते, आणि धर्मांतर केल्यानें बापाचें पालकत्व जात नाहीं याच विचाराकडे त्या काळच्या न्यायालयांचा कल होता. मुंबई इलाख्यांत अशा मुलांच्या ताब्यावरून रणें माजलीं होतीं. नारायण शेषाद्रींनीं १८४३ सालीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां त्यांच्या अल्पवयी भावाला, श्रीपताला, न्यायालयानें बापाकडे परत धाडलें आणि त्याच्या शुद्धीवरून बाळशास्त्री जांभेकरांसारख्या माणसाला जुन्या मंडळींचा रोष पत्करावा लागला. तेथें बाप हिंदु होता म्हणून मूल हिंदूंकडे आलें. येथें बाप ख्रिस्ती होता. टिळकांनीं दावा लावला असता तर दत्तू कोणाकडे गेला असता हें सांगावयास वकिलाची गरज नाहीं. रखमाबाईंच्या खटल्यांत बायकोला नवऱ्याकडे जाण्याचा हुकूम १८८७ सालींच झाला होता. तें प्रकरण घरोघरीं ताजें होतें.

टिळकांनीं यांतलें कांहीं केलें नाहीं. दुसरें लग्न केलें नाहीं, मुलगा ओढून नेला नाहीं. पत्रें लिहिलीं, येत-जात राहिले, वाट पाहिली. कोपिष्ट, लहरी, हातांतला पैसा वाऱ्यावर उडविणारा म्हणून जो माणूस या ग्रंथांत पानोपानीं भेटतो, तो हक्काच्या बाबतींत मात्र एवढा संयमी निघतो. हा विरोध लक्ष्मीबाईंनीं कोठें समजावून सांगितलेला नाहीं. त्यांनीं दोन्ही टिळक आपल्यापुढें उभे केले आणि आपण बाजूला झाल्या. चरित्रकार म्हणून त्यांची थोरवी आम्हांला येथें दिसते. बाबा पद्मनजींचा ‘अरुणोदय’ घ्या किंवा इतर धर्मांतरितांचीं आत्मकथनें घ्या, तीं सर्व निघून जाणाऱ्यानें लिहिलेलीं आहेत. त्यांत सत्याचा शोध असतो, मनाची तळमळ असते, आणि मागें राहिलेलीं माणसें त्या तळमळीचा एक भाग म्हणून येतात. ‘स्मृतिचित्रें’ जी मागें राहिली तिनें लिहिलीं. सत्य सांपडल्याचा आनंद ज्याला झाला तो दूर आहे, आणि येथें एका चार वर्षांच्या मुलाला ‘बाबा कोठें’ याचें उत्तर द्यावयाचें आहे. मराठी वाङ्मयांत धर्मांतराची ही दुसरी बाजू इतक्या निर्मत्सरपणें दुसऱ्या कोणीं सांगितल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं.

असें असूनहि एका बाबतींत आमचें समाधान होत नाहीं. लक्ष्मीबाईंचा विनोद हा या ग्रंथाचा प्राण आहे, हें शाळकरी मुलालाहि पाठ आहे. परंतु विनोद ही ढालहि असते, आणि वियोगाच्या वर्षांत ती ढाल फार घट्ट धरलेली आहे. स्वतःचें दुःख त्या सांगतात. वेडाच्या कडेपर्यंत आपण कशा गेलों तें कांहीं न लपवितां सांगतात. दत्तू मात्र बहुधा गमतीच्या प्रसंगांत, आजारपणांत किंवा कोणाच्या तरी कडेवर दिसतो. मोठ्या माणसांच्या कुजबुजीचा त्याला काय अर्थ लागत असेल, हें आईच्या लेखणीला अवघड गेलें, कीं आईनें तें मुलासाठीं राखून ठेवलें? आमची समजूत दुसऱ्या पक्षाकडे झुकते. ग्रंथ लिहिला जात होता तेव्हां तो दत्तू चाळिशी ओलांडलेला, आईच्या लेखनाचा पाठीराखा म्हणून शेजारीं होता. त्याच्या देखत त्याचें मन उघडें करणें तिला प्रशस्त वाटलें नसावें. कारण सभ्यतेचें असो वा मायेचें, वाचकाच्या पदरीं येथें उणीव पडते ती पडतेच, आणि ‘हंसतमुख लक्ष्मीबाई’ या लोकप्रिय मूर्तीनें ती उणीव झांकून टाकली आहे.

बापाची बाजू पाहावी तर ती आणखी विलक्षण आहे. टिळकांना मराठी रसिकांनीं ‘फुलांमुलांचे कवि’ ही पदवी दिली आणि ती पिढ्यान् पिढ्या शिक्षकांच्या तोंडीं राहिली. ज्या कवीचें स्वतःचें मूल त्याच्यापासून दूर वाढत होतें त्याला ही पदवी आपण किती सहज देऊन टाकली! ‘बापाचे अश्रू’ हें त्यांच्या एका कवितेचें नांवच पुरेसें बोलकें आहे. त्यांच्या बालविषयक कवितांत जो कातर स्वर लागतो त्याला निसर्गप्रेम, इंग्रज कवींचे संस्कार वगैरे कारणें दिलीं जातात. तीं खोटीं नसतील. पण आईच्या मृत्यूनंतर लहानपणींच घर सोडलेला एक मुलगा मोठा होतो आणि त्याच्या स्वतःच्या मुलाच्या वांट्यालाहि दुभंगलेलेंच घर येतें, ही गोष्ट बाजूला ठेवून त्या कविता वाचणें आम्हांस शक्य वाटत नाहीं. येथें आम्ही त्यांना दोषमुक्त करीत नाहीं. श्रद्धेसाठीं घर सोडणाऱ्याच्या धैर्याचें कौतुक करण्याची आपल्याकडे फार जुनी चाल आहे. शुद्धोदनाच्या राजवाड्यापासून ती चालत आली आहे, आणि राहुलाचें पुढें काय झालें हें आपण त्या मानानें कमी विचारतों. टिळकांना आपल्या मुलाला काय भोगावें लागेल हें कळत होतें. कळून ते गेले. सत्य गवसलें असें ज्याला मनोमन वाटतें त्यानें दुसरें काय करावें, हा प्रश्न अवघड आहे; पण त्याचें मोल चौथ्या वर्षांतल्या मुलानें दिलें, हें त्या प्रश्नाचें उत्तर देतांना जमेस धरलें पाहिजे.

आतां जुळण्याचा भाग. इब्सेनच्या नाटकांत नोरा जातां जातां एका महान् चमत्काराची गोष्ट बोलते : आपण दोघेंहि इतकीं बदललों, कीं आपलें एकत्र राहणें खरें लग्न होईल, तरच. त्यानंतर दार लागतें. लक्ष्मीबाईंच्या कथेंत चमत्कार नाहीं. तेथें पाण्याचा तांब्या आहे. त्या टिळकांकडे गेल्या त्या त्यांचें मत पटून नव्हे. वेगळी चूल, वेगळें पाणी, आणि एकाच मुलाची दोन्हींकडे ये-जा. दोन्ही चुलींच्या मध्यें फिरणारें तें एकच माणूस होतें, आणि शिवाशिवीचे नियम पाळणें त्याच्या वयाला सर्वांत कठीण होतें. सोंवळें कसें सुटत गेलें त्याचें जें वर्णन बाईंनीं केलें आहे त्यांत धर्मशास्त्राची चर्चा जवळजवळ नाहीं. माणसें देवानें केलीं, जाति माणसांनीं केल्या, असा एक साधा विचार त्यांच्या मनांत उजाडतो, आणि मग कोणाच्या हातचें पाणी प्यावें हा प्रश्न गळून पडतो. वडिलांच्या त्या पहिल्या प्रकरणाला येथें उत्तर मिळतें. सबंध मराठी गद्यांत एवढी मोठी घटना इतक्या लहान शब्दांत घडलेली आम्हीं वाचलेली नाहीं.

या ठिकाणीं वर्गांत कडाक्याचा वाद झाला, व तो आम्हीं मिटविला नाहीं. एका बाजूचें म्हणणें असें, कीं शेवटीं बाईनेंच सगळें सोडलें. तो आपल्या जागीं बसून राहिला आणि तिला चालत यावें लागलें. माहेर, बहीण, पंढरपूर, जात, सर्व तिचें गेलें. ही टीका खरी आहे आणि ‘स्मृतिचित्रें’ तिला तोंड देण्यास समर्थ आहेत. ज्या पेंडसे कुटुंबानें तिला आणि मुलाला सांभाळलें त्यांच्यावर तिच्या धर्मांतरानें काय ओढवलें याची टोंचणी ग्रंथांत आहे. अ‍ॅन-मारीच्या जागीं येथें भिकूताई आहे, आणि इब्सेनहून लक्ष्मीबाईंचें मोठेपण हें, कीं त्यांनीं तिला पार्श्वभूमींत राहूं दिलेलें नाहीं. दुसऱ्या बाजूच्या मुलीनें, ती तलासरीकडली, एवढेंच सांगितलें : तो वाट पाहत राहिला हेंहि चालत येण्यासारखेंच आहे, आमच्याकडे बोटीवर गेलेल्याची वाट पाहणारी बाई घरांत बसलेली असते, पण तिला कोणी बसलेली म्हणत नाहीं. या उत्तरापुढें आमच्याजवळ जोडण्यासारखें कांहीं नव्हतें.

घर पुन्हां उभें राहिल्यावर तें किती वेगळें झालें हेंहि पाहण्यासारखें आहे. त्यांत दुसऱ्यांचीं मुलें आलीं, निराधार आलीं, आणि पुढें ठोंबरे नांवाचा एक पोरसवदा कवि आला, ज्याला महाराष्ट्र बालकवि म्हणून ओळखतो. त्याच्या लहरी, त्याचें रुसणें आणि लक्ष्मीबाईंनीं त्याला लावलेला जीव हीं प्रकरणें ग्रंथांतील उत्कृष्ट प्रकरणांत मोडतात. १९१९ सालीं टिळक वारले. त्यांच्या हातून थोडेंच लिहून झालेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. ज्या बाळाच्या जन्माचा सण एके काळीं त्यांच्या घराची फाळणी करून गेला होता त्याच्या चरित्राच्या ओव्या त्यांनीं वृद्धपणीं अध्यायामागून अध्याय रचल्या.

‘स्मृतिचित्रें’ १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांनीं प्रसिद्ध झालीं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाई नाशिकला वारल्या. चौथा भाग पुरा व्हावयाचा राहिला होता आणि तो वाचकांपुढें ठेवण्याचें काम देवदत्तांकडे आलें. देवदत्तांनीं पुढें १९६० सालीं पंडिता रमाबाईंचें चरित्र लिहिलें. आईपाठोपाठ देश आणि धर्म यांच्या सीमा ओलांडीत वाढलेली रमाबाईंची मनोरमा त्या चरित्रांत आहे. तिच्याविषयींचीं पानें, या लेखांत आम्हीं जो प्रश्न धरला आहे तो मनांत ठेवून, वाचकांनीं अवश्य वाचावीं.